पंधरा वर्षांचा पत्ता बदलला, त्याची हकीकत

१० जानेवारी २०२४. कॉलेजच्या ग्रंथालयातली देवघेवीची गर्दी ओसरली आणि मी जीमेल उघडला. वर पट्टी आली होती: जागा संपत आली आहे, लवकरच मेल येणं-जाणं बंद होईल. फुकट मिळणारे १५ जीबी पंधरा वर्षांत भरले होते. महिना १३० रुपये भरले की १०० जीबी मिळणार होते. एवढ्याशा पैशाचा विचार कोण करतं? मी कार्ड काढलं, नंबर टाकला आणि शेवटचं बटण दाबताना हात थांबला. फुकट वापरत होते तोवर मनाची समजूत काढता येत होती. आता मी पैसे मोजून गूगलची गिऱ्हाईक होणार होते.

हात का थांबला ते आधी सांगते. एप्रिल महिना दलित इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘इक्वॅलिटी लॅब्ज’ या दलितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या थेनमोळी सौंदरराजन गूगल न्यूजच्या लोकांसमोर जातीवर बोलणार होत्या. काही कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना मेल केले, की या बाई हिंदूविरोधी आहेत. भाषण रद्द झालं. ते व्हावं म्हणून चारशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी निवेदनावर सह्या केल्या, तरी झालं नाही. ज्यांनी ते ठरवलं होतं त्या गूगलमधल्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. जून २०२२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये ही बातमी आली. कंपनीची बाजूही लिहिते: आमच्याकडे जातिभेदाला थारा नाही, पण या भाषणानं लोक जवळ येण्याऐवजी फूट आणि कटुता वाढत होती, म्हणून ते घेतलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

फूट आणि कटुता. आपल्याकडच्या सरकारी मराठीत यालाच ‘तेढ’ म्हणतात. मी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यातली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आमच्या वस्त्या जळाल्या. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधली साडेपंधरा वर्षं आमच्या लोकांना एकच वाक्य ऐकवलं गेलं: नाव मागू नका, तेढ वाढते. माझा जन्म त्या वर्षांतला. जाळणाऱ्याला कुणी ‘तेढ’ म्हणालं नाही, मागणाऱ्याला म्हणाले. कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं स्पष्टीकरण वाचताना मला ते वाक्य गावच्या चावडीतून आल्यासारखं वाटलं.

तरी २०२२ मध्ये मी काही केलं नाही. बातमी वाचली, दोन दिवस झोप नीट लागली नाही, मग सेमिस्टर सुरू झालं. सगळं आयुष्य त्या एका खात्यात होतं आणि सोडायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. हे लिहितेय ते त्यासाठीच. ज्यांना कुठल्याही कारणानं असं मोठं खातं सोडायचं आहे त्यांना निदान वाट दिसावी.

१४ जानेवारीला रविवार होता. नामविस्ताराला तीस वर्षं पुरी होत होती. दरवर्षीप्रमाणे आम्ही संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर गेलो. परतताना रेल्वेत मी घरच्यांना सांगितलं, की मी जीमेल सोडणार. भाऊ म्हणाला, “ताई, तू सोडल्यानं त्यांचं काय अडणार आहे?” काहीच अडणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. दादा म्हणजे आमचे वडील, निवृत्त शिक्षक. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “अठ्ठ्याहत्तरला गावातल्या दुकानदारानं आपल्याला मीठ द्यायचं बंद केलं. पुढं सहा महिन्यांनी द्यायला लागला. पण माय काही त्याच्या पायरीला गेली नाही. मरेपर्यंत कंधारच्या बाजारातून आणायची. त्याचं तरी काय अडलं होतं?”

त्यावर भाऊ काही बोलला नाही. मी त्याच रात्री एक शंभर पानी वही काढली.

पहिली सूचना हीच: आधी वही करा. हा जुना पत्ता कुठंकुठं दिलेला आहे, ते आठवून आणि जुने मेल चाळून लिहून काढा. मला नऊ दिवस लागले आणि ९४ ठिकाणं निघाली. त्यांचे तीन भाग केले. पहिला भाग पैशाचा: बँका, विमा, पीएफ, आयकर. दुसरा सरकारी: आधार, वीजबिल, कॉलेजची आस्थापना. तिसरा उरलेला सगळा: पुस्तकांची दुकानं, नियतकालिकं, रेल्वे, गॅस. पैशाचं काम अर्धवट ठेवून पुढं जायचं नाही, हा नियम मी पाळला.

मग प्रश्न, जायचं कुठं. इथं मी महिनाभर अडकले. ज्या कंपनीचं नाव घ्यावं तिच्या मालकाचं काहीतरी राजकारण निघायचं. एक वेळ अशी आली की वाटलं, स्वच्छ असं कुणी नाहीच, मग कशाला हा खटाटोप. पण मालकाचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे म्हणून मी निघाले नव्हते. बोलणारीला बोलू दिलं नाही आणि त्याला शांततेचं नाव दिलं, यासाठी निघाले होते. एवढं स्पष्ट झाल्यावर निवड सोपी झाली. मी स्वतःचं डोमेन घ्यायचं ठरवलं. डोमेन म्हणजे @ च्या पुढचा भाग आपल्या नावावर घेणं. मेल सांभाळणारी कंपनी पुढं पटेनाशी झाली तर फक्त कंपनी बदलायची, पत्ता तोच राहतो. ही ९४ ठिकाणांची वही पुन्हा भरावी लागणार नाही.

१९ फेब्रुवारीला डॉट इन चं डोमेन घेतलं, पहिल्या वर्षाचे ६४९ रुपये. दुसऱ्या वर्षीचा दर आधीच बघून घ्या, तो बहुधा जास्त असतो. मेलसाठी जर्मनीतली एक छोटी कंपनी निवडली, महिना ३ युरो. वर्षाचे ३६ युरो, म्हणजे तेव्हाचे सव्वातीन हजारांच्या आसपास आणि वर बँकेचा आकार.

पैसे भरताना कार्ड चालेना. दोन दिवस मी कंपनीला दोष देत बसले. मग कळलं, की रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, आपण मागून चालू करून घ्यायचे असतात. ॲपमध्ये ती सोय असते म्हणे. माझ्या ॲपमध्ये ते बटण दाबलं की चूक दाखवत होतं. शाखेत गेले, अर्ज दिला, चार दिवसांनी चालू झालं. पैसे गेल्यावर मी ते परत बंद करून ठेवलं. तुम्हीही तेच करा.

डोमेन आणि मेल जोडायचं काम भीतीदायक दिसतं. डोमेनच्या पानावर डीएनएस नावाचा भाग असतो, तिथं मेलवाल्या कंपनीनं दिलेल्या चार-पाच ओळी जशाच्या तशा चिकटवायच्या. त्यातल्या एमएक्स ओळीमुळे मेल आपल्याकडे येतो. एसपीएफ आणि डीकिम या ओळींमुळे आपण पाठवलेला मेल खरोखर आपलाच आहे हे समोरच्याला कळतं. मी डीकिमची ओळ चिकटवताना शेवटची चार अक्षरं सुटली होती, त्यामुळे पहिल्या आठवड्यात माझे मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडत होते. एक प्रकाशक तर रुसला होता, की मॅडम उत्तरच देत नाहीत.

नव्या पत्त्यात @ च्या आधी काय लिहायचं, याचा विचार मात्र मी बराच केला. २००९ मध्ये नोकरीचे अर्ज पाठवायचे म्हणून नेट कॅफेत पहिलं खातं उघडलं, तेव्हा सोबतची मैत्रीण म्हणाली होती, आडनाव टाकू नकोस, अर्ज वाचायच्या आधीच कळतं. तिनं ते माझ्या काळजीपोटी सांगितलं होतं. मी माझं नाव आणि जन्मसाल टाकलं. पंधरा वर्षं तोच पत्ता. या वेळी नाव आणि आडनाव दोन्ही लिहिलं, मध्ये टिंब दिलं. जतन करायचं बटण दाबल्यावर पाच मिनिटं नुसती बसून होते.

मार्चमध्ये सामान हलवायला घेतलं. आपला सगळा डेटा बाहेर काढायला गूगलची ‘टेकआउट’ नावाची सोय आहे आणि ती चांगली चालते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काय काय हवं त्यावर खुणा करायच्या, झिपचा आकार निवडायचा, की काही वेळानं मेलवर लिंक येते. माझी दुसऱ्या दिवशी आली. लिंक साधारण आठवडाभरच चालते. झिप २ जीबीच्याच ठेवा. मी पहिल्या खेपेला ५० जीबीचा आकार निवडला, म्हणजे सगळी एकच मोठी फाईल. आमच्याकडे लाईट गेली की नेट जातं, आणि मार्चमध्ये लाईट किती वेळा जाते ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तीनदा अर्ध्यावर तुटलं. छोट्या फाईली केल्यावर दोन रात्रींत काम झालं.

जुने मेल एमबॉक्स नावाच्या फाईलमध्ये येतात. संगणकावर थंडरबर्ड हा फुकटचा प्रोग्राम घेऊन त्यात ती फाईल उघडता येते. माझे ९ जीबी मेल तिथं नीट आले, शोधताही येतात. नव्या सर्व्हरवर मी फक्त शेवटच्या तीन वर्षांचे चढवले, बाकीचे हार्ड डिस्कवर. १ टीबीची डिस्क ४,६०० रुपयांना घेतली. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि सगळ्यात सार्थकी लागलेलाही.

फोटोंनी दमवलं. टेकआउटमधून फोटो येतो, पण त्यासोबत जेसन नावाची छोटी फाईल वेगळी येते, आणि तारीख, ठिकाण, आपण लिहिलेली ओळ त्यात असते. मी आधी त्या जेसन फाईली कचरा समजून पुसल्या. बऱ्याच फोटोंवर, त्यातही व्हॉट्सॲपवरून आलेल्या आणि स्कॅन करून ठेवलेल्या, मार्च २०२४ ची तारीख पडली. दादांच्या शाळेतले १९८० चे स्कॅन केलेले फोटो आणि परवाच्या हळदीकुंकवाचे फोटो एकाच ढिगात. परत सगळं उतरवलं आणि एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रामनं तारखा जागेवर बसवल्या. भाच्यानं दोन रविवार बसून मदत केली. तुम्ही जेसन पुसू नका.

याच ढिगात ध्वनिमुद्रणं होती. २०१५ मध्ये मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७८ बद्दल बोलतं केलं होतं, फोनवर. अकरा मुद्रणं. फाईल धड उतरली की नाही हे बघायला प्रत्येक उघडून ऐकावी लागत होती. सातवं आजीचं, २३ मिनिटांचं. मागे शेळीच्या गळ्यातली घंटी वाजते. आजी सांगते, की पंधरा दिवस ज्वारीत काढले, मग पोलीस आले, मग गावात बैठक बसली. “पाटील म्हणला, झालं गेलं झालं. आता हा इषय काढायचा नाही, गावात बिघाड होतो.” मग घंटी वाजत राहते. मग आजी म्हणते, “इषय आम्ही कुठं काढला होता? आमची तर घरं जळली होती.”

रात्रीचे साडेअकरा झाले होते. दादा पाणी प्यायला उठले होते, ते दारात उभे राहून ऐकत होते हे मला नंतर कळलं. “काय करायलीस माय एवढ्या रात्री?” म्हणाले आणि येऊन बसले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आजी २०१७ मध्ये गेली, त्यानंतर त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. त्या रात्री पुढचं काही काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी अकराही मुद्रणांच्या तीन प्रती केल्या. एक डिस्कवर, एक भावाकडे, एक पेनड्राइव्हवर घालून ग्रंथालयातल्या माझ्या कपाटात.

एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने वहीतली ९४ ठिकाणं पुसण्यात गेले. आयकराच्या पोर्टलवर प्रोफाईलमध्ये जाऊन ओटीपी टाकला की झालं, दहा मिनिटं. पीएफचंही घरबसल्या झालं. एका बँकेत मात्र तीन चकरा. पहिल्यांदा अर्जाचा नमुना संपला होता. दुसऱ्यांदा सही जुळेना, कारण खातं उघडताना मी मराठीत सही केली होती आणि आता कॉलेजच्या सवयीनं इंग्रजीत करते. तिसऱ्यांदा आधार आणि पॅनच्या झेरॉक्स जोडून नवी सही नोंदवली, मग पत्ता बदलला. २१ दिवस. बँकेत जाण्याआधी आपली जुनी सही कोणती आहे ते पासबुकात बघून जा.

आधारवरचा ईमेल बदलायला केंद्रावर गेले, तेव्हा त्याचे ५० रुपये लागत. मी कागदावर पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून नेला होता. मुलगा टाईप करत गेला, शेवटी न बघता सवयीनं जीमेल डॉट कॉम टाकून मोकळा झाला. मी पावती वाचली नाही. महिन्यानं पुन्हा गेले, पुन्हा रांग, पुन्हा ५० रुपये. त्या पोराचा दोष म्हणावा तर सकाळपासून त्यानं शंभर पत्ते टाकले असतील आणि सगळे तसेच संपत असतील. पण पावती हातात आली की अक्षर न् अक्षर वाचा, मगच खुर्चीवरून उठा. फोनवर पत्ता सांगतानाही हेच होतं. मी आता आधी सांगते, की शेवटी जीमेल नाही, आणि मग पत्ता सांगते.

कॉलेजात तेवढा त्रास झाला नाही. कार्यालय अधीक्षकांना साधा अर्ज दिला, त्यांनी सेवापुस्तकाच्या प्रकरणात लावून घेतला. एका सहकारी प्राध्यापकांनी विचारलं, एवढं कशासाठी? मी कारण सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, अहो, ते तिकडं अमेरिकेत.” मी त्यांना सिस्को या अमेरिकन कंपनीबद्दल सांगितलं, की तिथल्या एका दलित अभियंत्याला वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी वेगळं वागवलं म्हणून कॅलिफोर्निया सरकारच्या विभागानं २०२० मध्ये कंपनीवर खटला भरला, आणि सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्यानं बंदी घातली. जात तिकडं पोचली आहे, ती आपल्याच माणसांनी नेली आहे. ते ऐकत राहिले. पटलं की नाही माहीत नाही, पण आठवड्यानं त्यांनी स्वतःहून आजीचं मुद्रण ऐकायला मागितलं.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. वाचक गटाची यादी लिब्रे ऑफिस या फुकटच्या प्रोग्राममध्ये आणली, मराठी अक्षरं शाबूत राहिली. नावनोंदणीचा ऑनलाईन फॉर्म बंद करून परत रजिस्टर ठेवलं आणि खरं सांगते, लोक रजिस्टरपाशी थांबून बोलतात, हे विसरायला झालं होतं. पण फोन अँड्रॉइड आहे. बँकेचं ॲप प्ले स्टोअरवरून येतं, त्याला गूगलचं खातं लागतं. जुन्या व्याख्यानांसाठी यूट्यूब लागतंच. फोनवर मराठी टाईप करायला ‘इंडिक कीबोर्ड’ घेतला, संगणकावर इनस्क्रिप्ट शिकले, त्याला तीन आठवडे लागले. बोलून मराठी लिहायची सोय मात्र गूगलच्या तोडीची मला अजून सापडलेली नाही. दादांना मोतीबिंदूमुळे टाईप करता येत नाही, ते फोनला बोलूनच लिहितात. त्यांचं खातं, त्यांचा कीबोर्ड मी हलवला नाही, हलवणारही नाही.

जुना पत्ता मी लगेच बंद केला नाही. ऑगस्टपासून त्यावर आलेला प्रत्येक मेल नव्या पत्त्यावर वळता केला आणि सोबत दोन ओळींचं आपोआप उत्तर ठेवलं. कमीत कमी सहा महिने हे चालू ठेवा, कारण वर्षातून एकदाच मेल करणारे असतात. माझ्या वहीत नसलेली सात ठिकाणं त्यातूनच कळली, त्यात एक विम्याच्या हप्त्याची सूचना होती. आणि खातं नुसतं पडू देऊ नका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं, असा त्यांचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे.

एकूण खर्च: डोमेन ६४९, मेल वर्षाचे आकारासह सुमारे ३,३६०, हार्ड डिस्क ४,६००, आधारचे १००, झेरॉक्स आणि रिक्षा धरून आणखी तीनशेच्या घरात. म्हणजे नऊ हजार. १०० जीबी वर्षाचे पैसे एकदम भरून घेतले असते तर १,३०० रुपयांत भागलं असतं. ज्याला एवढे पैसे जमत नाहीत त्यानं मनाला लावून घेऊ नये. डोमेन आणि वही एवढ्यावरही बरंच होतं.

१६ फेब्रुवारी २०२५ ला शेवटचं काम केलं. पूर्ण खातं न पुसता फक्त जीमेलची सेवा काढून टाकता येते, म्हणजे प्ले स्टोअरपुरतं खातं दुसऱ्या पत्त्यावर चालू राहतं. त्याआधी डिस्कवरचे मेल उघडतात ना, ते पुन्हा दोनदा तपासलं. सूचना आली, की हा पत्ता आता दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही. खुणा केल्या, पासवर्ड टाकला.

थोड्या वेळानं फोन वाजला. नव्या पत्त्यावर मेल आला होता, दादांचा, पलीकडच्या खोलीतून. विषयाची जागा रिकामी. आत लिहिलं होतं: “जय भीम. हा पोचला का कळव.”

मी उत्तर लिहिलं, पोचला दादा, आणि उठून त्यांना सांगायलाही गेले.